युनिट टेस्टमधली ‘आजची तारीख’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युनिट टेस्ट म्हणजे कोडचा एक छोटा भाग, सहसा एक मेथड, अपेक्षित उत्तर देतो का हे आपोआप तपासणारा कोड. तो भाग ‘आजची तारीख’ वाचत असेल तर काय अडतं आणि काय करायचं, त्याबद्दलचे हे प्रश्न. उदाहरणं मुख्यतः जावाची आहेत. पायथन, जावास्क्रिप्ट, डॉटनेट आणि इतरांसाठी वेगळे प्रश्न पुढे घेतले आहेत. क्लास आणि मेथडची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, कोडमध्ये ती अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगने लिहायची.

कालपर्यंत टेस्ट पास होत होती. कोडला कुणी हात लावलेला नाही. आज फेल का?

कोड बदलला नसला तरी तारीख बदलली आहे, आणि तुमच्या टेस्टला ती कुठून तरी दिसते आहे. आधी टेस्ट कधी फेल होते ते बघा, अर्धं निदान तिथेच होतं.

आजपासून कायमची फेल होत असेल, तर टेस्टच्या डेटात मुदत दडलेली असते. ‘वैध: ३१ डिसेंबरपर्यंत’ असं कुपन, दोन वर्षांच्या मुदतीचं टोकन, टेस्टसाठी कुणीतरी बनवून ठेवलेलं सर्टिफिकेट. लिहिणारा तोवर दुसऱ्या टीममध्ये गेलेला असतो. फक्त २९, ३०, ३१ तारखेला फेल होत असेल, तर कुठेतरी महिना मिळवला किंवा वजा केला जातोय. रात्री उशिरा किंवा पहाटे फेल होऊन सकाळी अकराला आपोआप पास होत असेल, तर टाइमझोन. महिन्यातून एकदा, कसलाही नमुना नसताना फेल होत असेल, तर कोड एकाच कामात घड्याळ दोनदा वाचतोय आणि दोन वाचनांच्या मधून मध्यरात्र निघून गेली.

फेल झालेली टेस्ट ‘पुन्हा रन’ करून हिरवी करायची सवय असलेल्या टीममध्ये हा शेवटचा प्रकार वर्षानुवर्षं जगतो.

मग नेमका बदल काय करायचा?

‘आज’ हे मेथडचं इनपुट आहे असं मानायचं. एक साधी मेथड घेऊ: चालू आर्थिक वर्ष ‘२०२३-२४’ अशा रूपात द्यायचं. सहसा ती अशी लिहिलेली असते: आत लोकलडेट.नाउ() बोलवायचं, महिना एप्रिल किंवा पुढचा असेल तर हे वर्ष आणि पुढचं, नाहीतर मागचं वर्ष आणि हे. हिची टेस्ट लिहायला बसलात की अपेक्षित उत्तर काय लिहायचं हाच प्रश्न पडतो. बरेच जण टेस्टमध्येही लोकलडेट.नाउ() घेऊन तोच हिशेब पुन्हा करतात. त्या टेस्टला अर्थ नाही, कारण मेथडमध्ये ‘एप्रिल’ऐवजी चुकून ‘मे’ लिहिलं असेल तर तीच चूक टेस्टमध्येही उतरते.

मेथडला तारीख पॅरामीटर म्हणून द्या. आता टेस्ट सरळ वाचता येते: ३१ मार्च २०२४ दिली की ‘२०२३-२४’, १ एप्रिल २०२४ दिली की ‘२०२४-२५’. सोबत आणखी दोन घाला. १५ जानेवारी २००९ ला उत्तर ‘२००८-०९’ यायला हवं. दोन अंकी पॅडिंग विसरलं असेल तर ‘२००८-९’ येतं. आणि १५ जानेवारी २००० ला ‘१९९९-००’. इथे पुढच्या वर्षाऐवजी मागच्या वर्षाच्या दोन अंकांत एक मिळवणारा कोड ‘१९९९-१००’ छापतो. या मेथडला मॉक (खऱ्याच्या जागी टेस्टपुरता उभा केलेला खोटा ऑब्जेक्ट), फ्रेमवर्क, लायब्ररी यातलं काहीच लागलं नाही.

प्रत्येक मेथडला तारीख देत बसायची की घड्याळ इंजेक्ट करायचं (म्हणजे क्लासला बाहेरून द्यायचं)?

दोन्ही, पण जागा वेगळ्या. हिशेब करणाऱ्या मेथड (व्याज, दंड, वय, आर्थिक वर्ष) तारीख पॅरामीटर म्हणून घेतात. त्यांना घड्याळ माहीत असायचं कारण नाही. जिथून काम सुरू होतं ती जागा, म्हणजे सर्व्हिस क्लास, कंट्रोलर किंवा रात्रीचा जॉब, तिथे कन्स्ट्रक्टरमधून घड्याळ येतं. ते एकदाच वाचायचं आणि मिळालेली तारीख खाली पाठवत जायची.

‘एकदाच’ यावर जोर आहे. दहा हजार खात्यांवर दंड लावणारा जॉब रात्री ११:५८ ला सुरू झाला आणि प्रत्येक खात्यासाठी वेगळं नाउ() वाचलं, तर काही खात्यांना एक दिवसाचा दंड कमी आणि काहींना जास्त लागेल. मग तक्रार येते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुणालाच ती परत घडवून दाखवता येत नाही.

जावामध्ये यासाठी काय आहे?

जावा ८ पासून (मार्च २०१४) जावा.टाइम पॅकेजमध्ये क्लॉक नावाचा ॲबस्ट्रॅक्ट क्लास आहे आणि लोकलडेट, लोकलडेटटाइम, इन्स्टंट (एक नेमका क्षण), झोन्डडेटटाइम या सगळ्यांच्या नाउ() मेथडला तो देता येतो. म्हणजे लोकलडेट.नाउ() ऐवजी लोकलडेट.नाउ(क्लॉक), एवढाच फरक. प्रॉडक्शनमध्ये क्लॉक.सिस्टिम(झोन), टेस्टमध्ये क्लॉक.फिक्स्ड(इन्स्टंट, झोन). स्प्रिंग बूट वापरत असाल तर कॉन्फिगरेशन क्लासमध्ये क्लॉकचा एक बीन (स्प्रिंग सांभाळतं तो ऑब्जेक्ट) ठेवा आणि बाकी सगळीकडे तोच कन्स्ट्रक्टरमधून घ्या.

टेस्टच्या मधेच वेळ पुढे सरकवायची असेल (टोकन दिलं, १५ मिनिटं गेली, आता ते चालू नये) तर फिक्स्ड पुरत नाही. जेडीकेत (जावाच्या मूळ संचात) बदलता येणारं घड्याळ नाही, पण क्लॉकमधून स्वतःचा क्लास काढणं वीस ओळींचं काम आहे. गेटझोन, विथझोन आणि इन्स्टंट या तीनच मेथड लिहायच्या असतात. एक खड्डा लक्षात ठेवा. विथझोन नवीन ऑब्जेक्ट देते. त्याने वेळेची प्रत स्वतःकडे ठेवली तर तुम्ही मूळ घड्याळ पुढे सरकवलं तरी ते जुन्याच वेळेवर थांबलेलं राहतं. दोघांनी वेळ ठेवणारा एकच ॲटॉमिकरेफरन्स वाटून घ्यावा. हे स्वतः लिहायचं नसेल तर थ्रीटेन-एक्स्ट्रा लायब्ररीत म्युटेबलक्लॉक तयार मिळतं.

फक्त इन्स्टंटच लागतो, झोन लागतच नाही, अशा ठिकाणी जावा १७ पासून इन्स्टंटसोर्स हा छोटा इंटरफेस आहे.

घड्याळ फिक्स्ड केलं, मग त्याला झोन कशाला द्यायचा?

कारण तारीख ही वेळ आणि जागा मिळून ठरते. एक उदाहरण अगदी जवळून बघा. इन्स्टंट घ्या: ३१ मार्च २०२४, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) १८:३०:००. हा क्षण क्लॉक.फिक्स्डला ‘एशिया/कोलकाता’ झोनसह दिला तर लोकलडेट.नाउ(क्लॉक) १ एप्रिल २०२४ देतं. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्रीचे बारा वाजले आहेत आणि नवं आर्थिक वर्ष लागलं आहे. तोच क्षण यूटीसी झोनसह दिला तर ३१ मार्च, आणि आर्थिक वर्ष मागचंच. कोड तोच आणि क्षणही तोच, तरी बिलावर वर्ष वेगळं.

भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणून रोज मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीची तारीख ‘काल’ असते. क्लॉक.सिस्टिमयूटीसी() इंजेक्ट करून त्यातून लोकलडेट काढणारा कोड रोज साडेपाच तास चुकीची तारीख देतो. दिवसा कुणी तपासलं तर सगळं ठीक. म्हणून सीमेवरची टेस्ट लिहिताना दोन क्षण हवेत, यूटीसी १८:२९:५९ आणि १८:३०:००. फक्त दुपारी बाराची वेळ गोठवून लिहिलेली टेस्ट ही चूक कधीच पकडणार नाही.

माझ्या लॅपटॉपवर पास, सीआय सर्व्हरवर फेल. तुम्ही म्हणता तसा क्लॉकही दिलेला आहे.

लॅपटॉप भारतीय वेळेवर, सीआयचा (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरचा) कंटेनर बहुतेक यूटीसीवर. कोडमध्ये कुठेतरी अजून मशीनचा डिफॉल्ट झोन वापरला जातोय: झोनआयडी.सिस्टिमडिफॉल्ट(), जुना सिम्पलडेटफॉरमॅट, किंवा जावा.यूटिल.डेटचं टूस्ट्रिंग.

सर्व्हरचा झोन बदलून बिल्ड हिरवं करू नका. उलट टेस्ट मुद्दाम वेगळ्या झोनमध्ये चालवा. मेव्हनच्या शुअरफायर प्लगइनमध्ये आर्गलाइनला ‘युझर.टाइमझोन’ ही प्रॉपर्टी देता येते, ग्रेडलच्या टेस्ट टास्कलाही तीच. आमची शिफारस: रोजच्या बिल्डमध्ये एक झोन, आणि रात्रीच्या बिल्डमध्ये दोन टोकं, ‘पॅसिफिक/किरितिमाती’ (यूटीसी अधिक १४) आणि ‘पॅसिफिक/पागो_पागो’ (यूटीसी उणे ११). या दोन बेटांमध्ये पंचवीस तासांचं अंतर आहे, त्यामुळे तिथल्या तारखा एकमेकींशी कधीच जुळत नाहीत. डिफॉल्ट झोनवर विसंबलेली तारखेची टेस्ट दोन्हीकडे पास होणं कठीण.

क्लॉक वगैरे नको. मॉकिटोने लोकलडेट.नाउ() थेट मॉक केलं तर?

होतं. मॉकिटो या जावाच्या मॉक बनवायच्या लायब्ररीत ३.४ पासून मॉकस्टॅटिक आहे. जुना कोड टेस्टखाली आणण्यापुरतं ते वापरायला हरकत नाही, नव्या कोडसाठी नको. कारणं अशी.

मॉकस्टॅटिक नुसतं लावलं की त्या क्लासच्या सगळ्याच स्टॅटिक मेथड नल द्यायला लागतात. नाउ() ला तुम्ही उत्तर दिलंत, पण कोडने पुढच्याच ओळीत लोकलडेट.ऑफ(...) किंवा पार्स(...) बोलावलं की नल, आणि नलपॉइंटर भलत्याच ओळीवर. ‘कॉल्स रियल मेथड्स’ हे डिफॉल्ट उत्तर द्यावं लागतं. गोठवलेली तारीख आधी, मॉक उघडण्यापूर्वी, बनवून ठेवावी लागते. मॉक ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये उघडला नाही तर तो बंद होत नाही आणि पुढच्या टेस्टमध्ये गळतो. शिवाय हा मॉक फक्त त्याच थ्रेडपुरता असतो. तुमच्या सर्व्हिसने काम थ्रेडपूलला दिलं की तिथे खरी तारीख. ही शेवटची गोष्ट शोधायला अख्खा दिवस जातो.

पायथनमध्ये डेटटाइम.नाउ बदलायला गेलो तर टाइपएरर येतो.

डेटटाइम आणि डेट हे सीमध्ये लिहिलेले क्लास आहेत, त्यांचे ॲट्रिब्यूट बदलता येत नाहीत. अख्खं नाव पॅच करता येतं, पण जिथे ते वापरलंय त्या मॉड्यूलमध्ये. ‘बिलिंग’ मॉड्यूलने ‘फ्रॉम डेटटाइम इम्पोर्ट डेट’ केलं असेल, तर पॅच ‘बिलिंग.डेट’ ला करायचा. ‘डेटटाइम.डेट’ पॅच करून काही होत नाही, कारण बिलिंगकडे जुना संदर्भ आधीच पोचलेला असतो.

हा त्रास नको म्हणून दोन लायब्ररी प्रचलित आहेत. फ्रीझगन लोड झालेली सगळी मॉड्यूल धुंडाळून नावं बदलते, त्यामुळे मोठ्या प्रोजेक्टमध्ये प्रत्येक फ्रीझला वेळ लागतो. टाइम-मशीन सीच्या पातळीवर बदल करते आणि वेगवान आहे. दोघींच्या सवयी वेगळ्या आहेत हे विसरू नका. फ्रीझगन मुळात वेळ थांबवते. टाइम-मशीन दिलेल्या वेळेला जाऊन तिथून घड्याळ चालू ठेवते, थांबवायचं असेल तर ‘टिक’ला फॉल्स द्यावं लागतं. एकीवरून दुसरीवर जाताना याच ओळीवर टेस्ट अधूनमधून फेल व्हायला लागतात. झोनच्या बाबतीत, फ्रीझगनला दिलेली वेळ यूटीसी समजली जाते आणि ऑफसेट दिला नाही तर ‘स्थानिक’ वेळही तीच. टाइम-मशीनला झोनइन्फो असलेला डेटटाइम दिला की लिनक्स आणि मॅकवर ती प्रोसेसचा झोनही बदलते.

एक चूक मात्र कुठलीच लायब्ररी झाकू शकत नाही: डिफॉल्ट आर्ग्युमेंटमध्ये ‘टुडे = डेट.टुडे()’ लिहिणं. ते फंक्शन डिफाइन होताना एकदाच मोजलं जातं. सर्व्हर सोमवारी चालू केला तर शुक्रवारीही सोमवारच. ‘नन’ द्या आणि आत मोजा. आणि डेटटाइम.यूटीसीनाउ नव्या कोडमध्ये नकोच, पायथन ३.१२ पासून ते डेप्रिकेटेड (वापरू नका असं जाहीर केलेलं) आहे, डेटटाइम.नाउला झोन द्या.

जेस्टमध्ये (जावास्क्रिप्टचं टेस्ट फ्रेमवर्क) फेक टायमर लावले की टेस्ट लटकते.

जेस्ट.यूजफेकटायमर्स() तारखेसोबत सेटटाइमआउट, सेटइंटरव्हल वगैरेही ताब्यात घेतं. तुमच्या कोडमध्ये एखादं प्रॉमिस सेटटाइमआउटची वाट बघत असेल तर तो टायमर कधीच वाजत नाही, कारण घड्याळ तुम्ही पुढे सरकवायचं आहे. दोन उपाय. फक्त तारीखच हवी असेल तर ‘डूनॉटफेक’ यादीत बाकीचे टायमर टाका. टायमरही हवे असतील तर ॲडव्हान्सटायमर्सबायटाइमअसिंक वापरा, त्यात मधली प्रॉमिस पुरी व्हायला वाव मिळतो. तारीख सेटसिस्टिमटाइमने द्यायची आणि आफ्टरईचमध्ये यूजरियलटायमर्स() विसरायचं नाही. व्हीटेस्ट या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये यातलं बहुतेक ‘व्हीआय’ या ऑब्जेक्टवर आहे.

तारीख लिहितानाच दोन घात होतात. न्यू डेट(२०२४, १, २९) ही फेब्रुवारीची २९ तारीख आहे, महिने शून्यापासून मोजले जातात. आणि ‘२०२४-०४-०१’ ही नुसत्या तारखेची स्ट्रिंग यूटीसी मानली जाते, तर तीच ‘टी००:००’ जोडून लिहिली की स्थानिक वेळ. टेस्टमध्ये शेवटी ‘झेड’ किंवा ‘+०५:३०’ लिहून पूर्ण क्षणच द्या. झोन बदलायचा तर कमांडच्या आधी ‘टीझेड’ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल द्या. टेस्टच्या आतून बदललं तर दरवेळी लागू होईलच असं नाही.

डॉटनेट, गो, रुबी, पीएचपी?

डॉटनेट ८ मध्ये (नोव्हेंबर २०२३) टाइमप्रोव्हायडर आला आणि घरोघरी लिहिलेले ‘आयक्लॉक’ इंटरफेस निकालात निघाले. टेस्टसाठी वेगळ्या नुगेट पॅकेजमध्ये फेकटाइमप्रोव्हायडर मिळतो. तो सांगितलं नाही तर १ जानेवारी २००० ला सुरू होतो, ॲडव्हान्सने पुढे जातो, आणि मागे जायला सांगितलं तर एक्सेप्शन टाकतो. झोन सेटलोकलटाइमझोनने द्या.

गोमध्ये १.२५ पासून टेस्टिंग/सिंकटेस्ट आहे. त्याच्या ‘बबल’मध्ये घड्याळ खोटं असतं, तेही २००० सालच्या पहिल्या मध्यरात्री यूटीसीला सुरू होतं, आणि सगळे गोरुटीन (गोचे हलके थ्रेड) थांबलेले असले की आपोआप पुढे उडी मारतं. वेळा ‘==’ ने ताडू नका, टाइम.नाउच्या आत मोनोटॉनिक (फक्त पुढेच जाणारं) वाचनही असतं, ‘इक्वल’ वापरा.

रेल्समध्ये ट्रॅव्हल_टू आहे. ब्लॉक दिला तर काम संपताच परत आणतं. ते सेकंदाखालचा भाग डिफॉल्टने शून्य करतं, हे डेटाबेसशी तुलना करताना सोयीचंच पडतं. पीएचपीत पीएसआर-२० हा घड्याळाचा प्रमाण इंटरफेस आहे, कार्बन ही तारखांची लायब्ररी वापरणाऱ्यांसाठी सेटटेस्टनाउ.

टेस्टसाठी कोणती तारीख गोठवावी?

दिवस १२ पेक्षा मोठा हवा, म्हणजे दिवस-महिना उलटा झाला तर लगेच कळतं. ५ मे घेतलीत तर उलटसुलट सारखीच. १ जानेवारी नको, ती अनेक लायब्ररींची डिफॉल्ट असते आणि ‘सेट करायला विसरलो’ हे लपतं. मध्यरात्र नको, सेकंदही शून्य नकोत. १४:३७:२२ सारखी वेळ असली की वेळेचा भाग कुठे गळून पडला ते दिसतं.

कामाचे दिवस मोजणारा कोड असेल तर कॅलेंडर उघडून बघा. १७ जुलै २०२४ हा सरळसाधा बुधवार वाटतो, पण त्या दिवशी आषाढी एकादशी होती आणि मोहरमही. बँकेच्या दुसऱ्या-चौथ्या शनिवारच्या सुट्टीसाठी जून २०२४ उत्तम: महिन्याची सुरुवातच शनिवारी, त्यामुळे १, ८, १५, २२, २९ असे पाच शनिवार मिळतात. ८ आणि २२ ला बँक बंद, बाकी तीन दिवस चालू. ‘दर चौदा दिवसांनी’ असा आडाखा बांधून लिहिलेला कोड पुढच्या महिन्यात उघडा पडतो, कारण २२ जूननंतर चौदा दिवसांनी ६ जुलै येते आणि तो पहिला शनिवार आहे.

सीमेवरच्या कोणत्या तारखा घ्यायच्याच?

तुमच्या नियमाची सीमा जिथे आहे ती आधी. आर्थिक वर्ष असेल तर ३१ मार्च आणि १ एप्रिल. त्यानंतर कॅलेंडरच्या स्वतःच्या खोड्या.

महिनाअखेर. जावात ३१ जानेवारी २०२४ मध्ये एक महिना मिळवला की २९ फेब्रुवारी, त्यातून एक महिना वजा केला की २९ जानेवारी. मूळ तारीख परत मिळत नाही. म्हणून हप्त्याची पुढची तारीख मागच्या हप्त्यावरून काढत गेलात तर ३१ चा हप्ता फेब्रुवारीनंतर कायमचा २९ वर अडकतो. पहिल्या हप्त्यापासूनच ‘अधिक १ महिना, अधिक २ महिने’ असं मोजा. जावास्क्रिप्टमध्ये ३१ जानेवारीवर सेटमंथने फेब्रुवारी लावला की २ मार्च मिळते (लीप वर्ष नसेल तर ३ मार्च). २८ तारखेपर्यंत लिहिलेल्या टेस्टना हे कधीच दिसत नाही.

लीप दिवस. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टची अझ्युर सेवा बंद पडली, तिचं प्रसिद्ध झालेलं कारण हेच: एक वर्षाच्या मुदतीचं सर्टिफिकेट बनवताना वर्षाच्या आकड्यात नुसता एक मिळवला, आणि २९ फेब्रुवारी २०१३ ही तारीख अस्तित्वातच नव्हती. पायथनमध्ये रिप्लेसने वर्ष बदललंत तर आजही व्हॅल्यूएरर येतो. लीप वर्षाचं दुसरं टोक ३१ डिसेंबर, म्हणजे ३६६ वा दिवस. २००८ साली त्या दिवशी ३० जीबीचे झून म्युझिक प्लेयर गोठले होते, वर्ष काढणारा लूप ३६६ वर येऊन अनंत फिरत राहिला.

वर्षाचा शेवटचा आठवडा. जावाच्या फॉरमॅटमध्ये वर्षासाठी स्मॉल वायऐवजी कॅपिटल वाय लिहिलं की ते ‘आठवड्याचं वर्ष’ होतं. ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात येतो, आणि पावतीवर ३० डिसेंबर २०२५ छापलं जातं. वर्षातले उरलेले ५१ आठवडे सगळं बरोबर.

घड्याळबदल, म्हणजे वर्षातून दोनदा घड्याळ एक तास पुढे-मागे करणं. भारतात तो नाही, म्हणून आपल्याकडच्या टीम हे हमखास विसरतात, आणि ग्राहक न्यूयॉर्कला किंवा लंडनला असतो. न्यूयॉर्कमध्ये १० मार्च २०२४ ला पहाटे २:३० ही वेळ आलीच नाही आणि ३ नोव्हेंबरला १:३० दोनदा वाजले. ‘एक दिवस मिळवणं’ आणि ‘२४ तास मिळवणं’ यांची उत्तरं त्या दिवशी वेगळी येतात. दोन्ही तारखा टेस्टमध्ये असू द्या.

२९ फेब्रुवारी २००४ ला जन्मलेली व्यक्ती १८ वर्षांची कधी होते?

हा प्रश्न टेस्ट लिहितानाच समोर येतो, आणि तिथेच विचारलेला बरा. जावात जन्मतारखेत १८ वर्षं मिळवा: २८ फेब्रुवारी २०२२. आता पिरियड.बिटवीनने २८ फेब्रुवारी २०२२ रोजीचं वय काढा: १७ वर्षं, ११ महिने, ३० दिवस. म्हणजे अठरावं १ मार्चला पूर्ण होतं. लायब्ररी तीच, पण रस्ते दोन आणि उत्तरं दोन. नोंदणीचा फॉर्म एका रस्त्याने तपासतो आणि रात्रीचा जॉब दुसऱ्या, तर त्या दिवशी दोघे भांडतात. कोणतं बरोबर हे प्रोग्रामरने ठरवायचं नाही, नियम ज्यांचा आहे त्यांना विचारायचं. ठरलेलं उत्तर टेस्टमध्ये लिहून टाका आणि वयाचा हिशेब एकाच मेथडमध्ये ठेवा.

डेटाबेस स्वतःची वेळ घालतो, त्याचं काय?

तुमचं इंजेक्ट केलेलं घड्याळ डेटाबेसपर्यंत पोचत नाही. कामकाजाच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख ॲप्लिकेशनमधूनच पॅरामीटर म्हणून पाठवा. डेटाबेसचं नाउ() फक्त ‘रेकॉर्ड कधी घातला’ अशा नोंदीपुरतं ठेवा.

पोस्टग्रेसमध्ये नाउ() ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं आणि ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत तेच राहतं. बऱ्याच टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून शेवटी रोलबॅक करतात (सगळे बदल रद्द करतात). तिथे पाचही रेकॉर्डची वेळ तंतोतंत सारखी येते आणि ‘सर्वांत नवीन आधी’ हा क्रम मनमानी होतो. खरी वेळ क्लॉक_टाइमस्टॅम्प() देतं. मायएसक्यूएलमध्ये सेशनचं ‘टाइमस्टॅम्प’ व्हेरिएबल सेट केलं की नाउ() बदलतं, सिसडेट() बदलत नाही.

मायएसक्यूएलचा डेटटाइम कॉलम अपूर्णांक सेकंद डिफॉल्टने ठेवत नाही, तो राउंड करतो. ‘दिवसअखेर’ म्हणून २३:५९:५९.९९९ पाठवलंत तर दुसऱ्या दिवसाचे ००:००:०० साठवले जातात. दिवसाची कक्षा ‘या मध्यरात्रीपासून, पुढच्या मध्यरात्रीच्या आधीपर्यंत’ अशीच लिहा.

कॅशेची मुदत, रीट्राय, टाइमआउट यांच्या टेस्टमध्ये स्लीप चालेल का?

नको. दोन सेकंदांचा स्लीप दोनशे टेस्टमध्ये असेल तर जवळजवळ सात मिनिटं नुसती वाट बघण्यात जातात, आणि सीआय सर्व्हरवर ताण असला की दोन सेकंदही पुरत नाहीत. घड्याळ पुढे सरकवा. मुदतीच्या अगदी आधी, नेमकं मुदतीला आणि लगेच नंतर, असे तीन क्षण तपासा. ‘मुदतीच्या क्षणी चालू की बंद’ यावरच बहुतेक चुका असतात. किती वेळ लागला हे मोजायला जावात नॅनोटाइम वापरतात, त्याचा क्लॉकशी संबंध नाही. तो वेगळ्या इंटरफेसमागे ठेवावा लागतो.

टेस्टमध्ये ‘आजपासून ३० दिवसांनी’ असा डेटा बनवला तर मुदत संपण्याचा प्रश्नच येत नाही ना?

मुदत संपत नाही, पण टेस्ट रोज वेगळी होते. आज ती फेब्रुवारी ओलांडते, उद्या घड्याळबदल, परवा आर्थिक वर्ष. फेल झाल्यावर ‘कोणत्या तारखेला’ हे लॉगमध्ये नसेल तर परत घडवता येत नाही. घड्याळ गोठवता येत नसेल अशा ठिकाणी तात्पुरतं ठीक आहे, तेही वापरलेली तारीख छापून.

जुन्या कोडमध्ये चारशे ठिकाणी नाउ() आहे. सुरुवात कुठून?

एका दिवसात सगळं बदलायला जाऊ नका. आधी शोधून यादी करा आणि तिचे दोन भाग पाडा: लॉग, ऑडिट अशा ठिकाणची वेळ (राहू दे) आणि पैसे, मुदत, वय ठरवणारी. दुसरा भाग सहसा बराच लहान निघतो. तिथे प्रत्येक क्लासला क्लॉक घेणारा नवा कन्स्ट्रक्टर द्या आणि जुना कन्स्ट्रक्टर सिस्टिमचं घड्याळ त्याला पाठवू दे, म्हणजे बोलावणारा कोड मोडत नाही. मग टेस्ट लिहा. मग हिशेबाच्या मेथडला तारीख पॅरामीटर. जुना कन्स्ट्रक्टर सगळ्यात शेवटी काढा.

सगळ्या ॲपसाठी एक ग्लोबल स्टॅटिक घड्याळ ठेवणं हा जवळचा रस्ता आहे. चालतो, पण टेस्ट समांतर चालवायला लागलात की एकीने गोठवलेली तारीख दुसरीत दिसते.

मशीनचीच तारीख बदलून टेस्ट चालवली तर?

युनिट टेस्टसाठी नको. टीएलएस सर्टिफिकेट अवैध ठरतात, मेकसारखी बिल्ड टूल फाइलींच्या वेळा बघून गोंधळतात, लॉगचा क्रम बिघडतो. पूर्ण प्रोसेस भविष्यात चालवून बघायची असेल (उदाहरणार्थ १९ जानेवारी २०३८, भारतीय वेळ सकाळी ८:४४:०७ नंतर सेकंद मोजणारा ३२ बिटी काउंटर उलटल्यावर काय होतं) तर लिनक्सवर लिबफेकटाइम वापरा. ते एलडी_प्रीलोडने सी लायब्ररीची वेळ बदलतं, म्हणून स्टॅटिक लिंक केलेल्या किंवा गोमध्ये लिहिलेल्या बायनरीवर चालत नाही.

परत कुणी थेट नाउ() लिहू नये म्हणून काय करायचं?

रिव्ह्यूवर विसंबू नका, बिल्डच फेल करा. जावात फॉरबिडन-एपीआयज प्लगइन किंवा आर्कयुनिटचा एक नियम, डॉटनेटमध्ये बॅन्ड एपीआय ॲनालायझर, जावास्क्रिप्टमध्ये ईएसलिंटचा ‘नो-रिस्ट्रिक्टेड-सिंटॅक्स’. जुन्या जागांना अपवाद यादीत टाका आणि ती यादी फक्त लहान होऊ द्या.

सगळीकडे खोटं घड्याळ. मग खरं घड्याळ नीट जोडलंय हे कोण बघतं?

त्यासाठी एक छोटी इंटिग्रेशन टेस्ट ठेवा. खरा ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट उभा करा, त्यातला क्लॉक बीन काढा, त्याचा झोन ‘एशिया/कोलकाता’ आहे का बघा. थोड्या अंतराने दोनदा वाचून वेळ पुढे सरकते का तेही बघा. दुसरी तपासणी विनोदी वाटेल, पण टेस्टचं फिक्स्ड घड्याळ चुकीच्या प्रोफाइलमधून प्रॉडक्शनमध्ये गेलं तर सर्व्हरवर रोज तीच तारीख उगवते, आणि एकही युनिट टेस्ट त्याबद्दल तक्रार करत नाही.